कच्ची केळी

माझ्या थोरल्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. तिच्याकडे जायला बसच्या तिकिटासाठी रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"अहो, तेवीस वर्षं त्या प्राणिसंग्रहालयात शेण काढलंत. सुट्टीत पुन्हा तिथेच? त्यापेक्षा अभयारण्यात जाऊ. जीपमधून हिंडवतात."

"जीपमधून धूळ दिसते. जनावर म्हणशील तर नुसतं शेपूट."

"मोकळं तरी असतं."

"मोकळं जनावर मला काय ओळखणार? आपली हत्तीण बघ, खिशात केळं असलं की सोंड सरळ खिशात."

"आणि फाटके खिसे मी शिवायचे."

"रांग धर तू. मी केळी घेऊन येतो."

तो गेला आणि तिचा नंबर आला.

"आजी, कुठलं देऊ?"

"अभयारण्याची दोन."

"आजोबा तर प्राणिसंग्रहालय म्हणत होते."

"हत्तीण गेली हो. पत्र येऊन तीन महिने झाले. त्यांना वाचता येत नाही, सगळं मीच वाचून दाखवते. हे नाही दाखवलं."

"मग कधी सांगणार?"

"गाडी सुटल्यावर. आत्ता सांगितलं तर इथूनच घरी परततील."

तेवढ्यात म्हातारा आला.

"कच्चीच घेतली. पोचेपर्यंत पिकतील. काढलीस तिकिटं?"

"काढली."

"खिडकीची जागा?"

"तुम्हाला दिली खिडकी. द्या ती पिशवी इकडे."

"राहू दे. तू दाबून ठेवशील."

ती हत्तीण त्या वर्षीच्या जानेवारीत मेली होती.