जाळीतले किडे

(बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. एक गॅरेज आहे. वर पत्र्याचं छप्पर, खाली तेलाचे काळे डाग, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने. मधोमध एक जुनी गाडी बॉनेट उघडून उभी आहे, डॉक्टरांसमोर ‘आ’ करून बसावं तशी. तिच्या पोटाखाली पाणी ठिबकतंय. स्टुलावर बसून एक आई स्वेटर विणतेय. तिची मुलगी ठकू हातात ओला पुठ्ठा घेऊन उभी आहे. आईचा आणि ठकूचा मिस्त्रींवर विश्वास नाही, आणि मिस्त्रींचा कोणावरच नाही. आता कान द्या.)

मिस्त्री : नवा टाका. मी सांगून मोकळा झालो.

आई : अहो, अजून वाकून बघितलंसुद्धा नाहीत, आणि नवा टाका?

मिस्त्री : ताई, इंजिन थंड ठेवायचं पाणी ह्या रेडिएटरमध्ये फिरतं. ते पाणी जमिनीवर चाललंय. ह्यात वाकून काय बघायचं?

आई : मागच्या महिन्यात तुम्ही त्याचा पाइप बदललात. तोवर एक थेंब गळत नव्हता. तुमचा हात लागला आणि हे सुरू झालं.

मिस्त्री : म्हणजे मी भोक पाडलं?

आई : मी तसं म्हटलं नाही.

ठकू : म्हटलंस की. येताना, सिग्नलला.

आई : ठकू, तू गप्प बस.

मिस्त्री : बोलू द्या, बोलू द्या. निदान ती तोंडावर तरी बोलते. आणि हा पुठ्ठा कसला गं?

ठकू : पुरावा. रात्री गाडीखाली ठेवला होता. पाइप बघा, तो इथे येतो, ह्या कडेला. इथे पुठ्ठा कोरडा आहे. ओला कुठे आहे? इथे. पुढे, मधोमध.

मिस्त्री : वा! इन्स्पेक्टर बाई आल्यात. मग, पाइप माझा, आणि पाइपाखाली पुठ्ठा कोरडा. म्हणजे मी सुटलो ना?

ठकू : पाइप सुटला. तुम्ही नाही.

मिस्त्री : ताई, हिला पुढे वकील करा. नाही, खरंच सांगतो.

आई : आधी तिला शाळेत सोडायची सोय राहू दे. अहो, ह्या गाडीवर घर चालतं आमचं. गल्लीतली पाच मुलं शाळेत नेते-आणते मी. आज त्यांना सांगितलं, एक दिवस सांभाळून घ्या. उद्याही गाडी आली नाही तर ते दुसरी गाडी लावतील. एकदा लावली की परत माझ्याकडे कशाला येतायत?

मिस्त्री : म्हणूनच तर सांगतोय. नवा टाका, निवांत व्हा.

आई : नवा टाकला तर दोन महिने मुलांना फुकट नेल्यासारखं होईल. तुम्हाला बोलायला काय जातं?

मिस्त्री : मला काय जातं! लोक येतात, अर्धा तास सल्ला घेतात आणि जाऊन दुसऱ्या गॅरेजमध्ये काम करून घेतात. हेच जातं माझं.

ठकू : काका, भोक दाखवा.

मिस्त्री : काय?

ठकू : भोक. कुठे आहे, केवढं आहे, ते दाखवा. मग नवा टाकू.

मिस्त्री : तसं दाखवायला अख्खा रेडिएटर खोलून बाहेर काढावा लागतो.

ठकू : नवा टाकतानाही जुना बाहेरच काढणार ना?

आई : हां! आता बोला, मिस्त्री.

मिस्त्री : ... सरका. लांब उभी राहा, गरम असेल. ताई, तुमचा लोकरीचा गुंडा त्या तेलात जाईल हं.

आई : गुंड्याचं राहू द्या. तुम्ही काढा. मी इथूनच बघतेय.

मिस्त्री : बघा की. आज माझ्या हाताकडे चार डोळे लागलेत. असं काम मी शिकत होतो तेव्हाही केलं नव्हतं... तो दहाचा पाना दे गं इन्स्पेक्टर. नाही, त्याच्या शेजारचा. हां... ताई, एक विचारू? ह्या तुमच्या सुया दोन रंगांच्या कशा? एक चंदेरी, एक पिवळी?

आई : काही विचारू नका. चंदेरीची जोडी होती. आमची बहीण रविवारी येऊन गेली आणि एक सुई गेली. मी विचारलं तर तिलाच राग. आता फोनही उचलत नाही माझा.

मिस्त्री : सुईवरून?

आई : सुईवरून नव्हे हो, स्वभावावरून. लहानपणापासून तिला माझी वस्तू लागते. स्वेटर ह्या कार्टीसाठीच चाललाय, आणि मावशी सुई पळवते.

ठकू : आई, तो विषय नको ना आता.

आई : बघा, मावशीची लाडकी!

मिस्त्री : निघाला. हा बघा तुमचा रेडिएटर. आता हे खालचं तोंड बुचानं बंद केलं. वरचं झाकण घट्ट. आणि ह्या तोंडातून हवा भरायची. टबात पाणी आहे, त्यात हा असा बुडवायचा. सायकलची ट्यूब बघितलीस कधी तपासताना?

ठकू : हो. जिथून बुडबुडे, तिथे पंक्चर.

मिस्त्री : शाबास. तस्संच. तू बुडबुड्यांवर लक्ष ठेव, मी हवा सोडतो.

ठकू : नाही. आई बुडबुडे बघेल. मी तुमचे हात बघते.

मिस्त्री : अरे देवा. बरं, बघ माझे हात. दोन्ही वर आहेत. सोडू हवा?

आई : आले! आले बुडबुडे. इथे. आणि इथे एक. आणि हा तिसरा, बारीक. मिस्त्री, हे तिन्ही एका ओळीत कसे हो?

मिस्त्री : थांबा. बंद करतो. उजेडात घेऊ... हे गंजाचं नाही.

आई : म्हणजे?

मिस्त्री : गंजलेला रेडिएटर कुठेही फुटतो, वेडावाकडा. हे बघा. ही पुढची जाळी, ह्या पातळ पात्या. त्या तीन ठिकाणी बाजूला दाबल्या गेल्यात. गोल. आणि आतल्या नळीला टोक लागलंय. जुनी पितळी नळी, कागदासारखी झालेली असते. कोणीतरी समोरून काहीतरी टोचलंय, ताई.

आई : टोचलंय? मुद्दाम?

मिस्त्री : ते मी कसं सांगू? पण आपोआप पडलेलं भोक नाही हे. तुमची ती सुई द्या जरा, किती आत गेलंय बघतो. चंदेरी नको, पिवळी... नाही, ती जाड आहे. द्या, चंदेरीच द्या.

आई : टाके सुटतील... घ्या.

मिस्त्री : हे बघा. अगदी मापानं केल्यासारखी बसली. असलंच काहीतरी बारीक, टोकदार होतं.

आई : आत्ता कळलं. आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला वाटतच होतं.

मिस्त्री : कोण?

आई : तो गाडी धुणारा! आमच्या इमारतीतल्या सगळ्या गाड्या धुतो. खर्च परवडेना म्हणून आमची गाडी मी त्याच्याकडून काढून घेतली. तेव्हापासून जिन्यात भेटला तरी मान खाली घालून जातो. म्हटलं, एवढा कसला गरीब झाला हा! आतून खदखदत होता तर.

मिस्त्री : मग आता गाडी कोण धुतं?

आई : ही धुते. आरशासारखी ठेवते हो, खोटं नाही बोलणार. त्याला तेच खुपलं असेल. एक पोर आपलं काम करते म्हणून.

मिस्त्री : असतात काही माणसं. चेहऱ्यावरून कळत नाही.

आई : आत्ता फोन लावते. आधी त्याला विचारते, मग सोसायटीच्या अध्यक्षांना सांगते. आमच्या फाटकात पाऊल ठेवायचं नाही म्हणावं उद्यापासून.

ठकू : आई, त्याचं सगळं काम आपल्याच इमारतीत आहे.

आई : मग आधी विचार करायचा होता त्यानं.

मिस्त्री : इन्स्पेक्टर बाई, आता तर चोर सापडला. हात बघायचे राहिले की माझे.

ठकू : काका, मागच्या वेळी तुम्ही किड्यांचं काय सांगितलं होतंत?

मिस्त्री : कसल्या किड्यांचं?

ठकू : पाइप बदलताना. मी तुम्हाला विचारलं होतं, ही जाळी कशाला.

मिस्त्री : हां, ते. म्हटलं असेन, जाळीतून वारा आत जातो. गाडी पळते तेव्हा किडे, कचरा त्यात अडकतो. वारा अडला की पाणी थंड होत नाही, गाडी तापते. म्हणून जाळी साफ ठेवत जा. बरोबरच सांगितलं होतं.

ठकू : कशानं साफ करायची ते नव्हतं सांगितलं.

मिस्त्री : ते काय सांगायचं त्यात? मऊ ब्रश घ्यायचा, नाहीतर मागच्या बाजूनं हलकं पाणी...

ठकू : ते किडे वाळून घट्ट बसलेले असतात. ब्रशनं नसते निघाले.

मिस्त्री : ... तुला काय ठाऊक, घट्ट बसलेले असतात ते?

आई : एंगेज लागतोय. बोलत असेल कोणाशी तरी, माझीच कागाळी करत.

मिस्त्री : ताई, फोन राहू द्या जरा.

आई : का? तुम्हाला त्याचा एवढा पुळका का आला एकाएकी? तुमची त्याची ओळख आहे वाटतं?

मिस्त्री : तोंडसुद्धा बघितलं नाही मी त्याचं.

आई : मग? त्यानं गाडी बिघडवायची आणि तुम्ही नवा रेडिएटर विकायचा, असं काही...

मिस्त्री : ताई! नवा नको. ऐका माझं. तीनच भोकं आहेत, समोरच आहेत. सोल्डर मारून, म्हणजे कथील वितळवून, बुजवतो. संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन जा, उद्या मुलांना न्या. जुन्या रेडिएटरला हे करता येतं.

आई : करता येतं? मग मघाशी का नाही बोललात?

मिस्त्री : नवा टाकला की माझं काम सोपं आणि पैसे जास्त. म्हणून नाही बोललो. तुमचा संशय अगदीच खोटा नव्हता. झालं समाधान?

आई : बघ ठकू, बघ! मी म्हणत होते की नाही?

मिस्त्री : हो, तुम्ही म्हणत होता. पण सगळ्यांच्या बाबतीत तुम्ही म्हणता तेच खरं निघेल असं नाही. आणि हे बघ, पोरी. ब्रशनं, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. तेवढं माझ्याकडे. पुढचं मी बोलणार नाही. ते तुझं तू बघ.

आई : काय तुझं तू बघ? काय चाललंय तुमचं दोघांचं?

ठकू : आई, मावशीनं सुई नाही नेली.

आई : आता मावशी कुठून आली मध्येच? थांब, रिंग होतेय.

ठकू : ती वाकली होती. म्हणून मी पाण्याच्या टाकीमागे टाकली. तू मावशीला बोललीस तेव्हा मी तिथेच होते आणि काही बोलले नाही.

आई : वाकली? लोखंडाची सुई, वाकेल कशानं...

ठकू : फोन दे.

आई : ठकू...

ठकू : दे ना आई, उचलला त्यांनी. हॅलो, दादा? मी ठकू. नाही, आई नाही, मीच बोलतेय. दादा, तुम्ही आमच्या गाडीची जाळी कशानं साफ करायचात?... ब्रशनं. बरं... नाही, मी ब्रशनं नाही केली. मी सुईनं केली... हो, गळतोय... हो, आई इथेच आहे. ऐकतेय ती.