पाणी कसं चढतंय, हे शिकवणारे सर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हंबीरराव सावंत, मुख्याध्यापिका संयोगिता यादव मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे सिकंदर मुलाणी सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी रहिमतबी चाची, आणि समोरच्या माझ्या गावकऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी शिवांजली. याच शाळेची विद्यार्थिनी. माजी विद्यार्थ्यांतर्फे दोन शब्द बोलावेत, असं मॅडमनी सांगितलं. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाबद्दल दोन शब्दांत काय सांगणार? म्हणून एकच गोष्ट सांगते. ती इथल्या बऱ्याच जणांना अर्धी ठाऊक आहे.

नववीत होते. तापमानाचा आलेख बघून इंग्रजीत पाच ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं, ‘टेम्परेचर इज व्हेरी व्हेरी इन्क्रीज’. सरांनी वही घेऊन मला उभं केलं. रागावले नाहीत. म्हणाले, “शिवांजली, हे व्हेरी व्हेरी म्हणजे किती गं? ऊस वाढतो तसं, का दूध उतू जातं तसं?”

वर्ग हसला. मी म्हटलं, “सर, वाढलं म्हणजे वाढलं. त्यात आणि काय?”

मग सर पुढचा आठवडाभर दुसरं काही शिकवेनात! हळूहळू वाढलं तर ग्रॅज्युअली. जरासं वाढलं तर स्लाइटली. एकसारखं, न थांबता चढलं तर स्टेडिली. आणि एकदम उसळलं तर शार्पली. पाऊस हेवी असतो, पण वाढ हेवी नसते. असं का, असं कुणीतरी विचारलंच. सर म्हणाले, “शब्दांच्याबी सोयरिकी ठरलेल्या असत्यात. कोन कुनासंगं शोभतो ते कानानं वळखायचं.” सरांना शुद्ध बोलता येतं, बरं का; पण आम्हाला समजावं म्हणून ते आमच्यासारखं बोलायचे. आणि शेवटी म्हणायचे, “आपन सगळ्यालाच लय वाढलं म्हनतो. ऐकनाऱ्याला त्यातनं काय कळनार?”

तेव्हा आम्हाला वाटायचं, परीक्षेत दोन मार्कांपुरतंच हे.

नंतर पुराचं ते वर्ष आलं. मी बारावीला होते. कृष्णेचं पाणी गावात शिरलं तसे आम्ही त्रेचाळीस जण याच शाळेच्या माडीवर चढलो. सर त्या वेळी रहिमतपूरला अडकले होते. रस्ते बंद होते. बचावपथकाचा फोन नंबर आमच्यापर्यंत आला, पण पथकाचे अधिकारी तमिळनाडूकडचे. मराठी नाही, हिंदी जेमतेम. आमच्यातल्या दोघा-तिघांनी फोनवर “वॉटर फुल, वॉटर फुल” असं ओरडून बघितलं. शेवटी फोन माझ्या हातात आला.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, “पाणी अजून चढतंय का? कसं चढतंय?”

मी जिन्याकडं पाहिलं. सोळा पायऱ्या. चौथी नुकतीच बुडाली होती. दर तासाला एक जात होती. मी म्हटलं, “राइझिंग स्टेडिली, सर. वन स्टेप इन वन अवर.”

आकारामतात्यांनी विचारलं, “काय सांगितलंस?”

“तासाला एक पायरी. एकसारखं चढतंय म्हणून सांगितलं.”

“आगं खुळे, लय जोरात चढतंय म्हन की! न्हाईतर बोट दुसरीकडं जाईल!”

तात्या, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगते, राग मानू नका. तुमचं बरोबरच निघालं. बोट दुसरीकडं गेली. ओढ्यापलीकडं गुंडा अण्णांच्या मळ्यात अकरा माणसं पत्र्यावर बसली होती, तिकडं गेली.

पुढचे दोन तास माडीवर माझ्याशी कुणी बोललं नाही. चंद्राबाई आजींना धाप लागली होती, त्यांची सून त्यांची पाठ चोळत होती. माझी आईसुद्धा माझ्याकडं बघेना. खोटं बोलले असते तर? मी स्वतःला हेच विचारत पायऱ्या मोजत बसले. खरं सांगते, त्या दोन तासांत मला सरांचा राग आला होता.

दुपारी अडीचच्या सुमाराला ओढ्याचं पाणी उलटं गावाकडं फिरलं. वीस मिनिटांत तीन पायऱ्या गेल्या. मी दोनदा मोजलं आणि फोन लावला. “सर, वॉटर हॅज रेझ्ड शार्पली! थ्री स्टेप्स इन ट्वेंटी मिनिट्स!”

मग साहेब म्हणाले ते मराठीत सांगते. “सकाळपासून मला प्रत्येक गावानं भयंकर, भयंकर एवढंच सांगितलं. तू एकटीनं कसं चढतंय ते सांगितलंस. आता तू शार्पली म्हणतेस, म्हणजे तसंच असणार. निघालो.”

चाळीस मिनिटांत बोट आली. पहिल्या फेरीत चंद्राबाई आजी आणि लेकरं गेली. शेवटच्या फेरीला पंधरावी पायरी पाण्याखाली होती. आकारामतात्या सगळ्यांत शेवटी बसले. बसताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “चुकलं पोरी माजं. मळ्यातलीबी मानसंच हुती.” ती अकरा जणं पत्र्यावरून उतरली आणि थोड्या वेळात तो पत्रा वाहून गेला, हे तोवर आम्हाला कळलं होतं.

पंधरा दिवसांनी सर आले. मी सगळं सांगितलं, अगदी शब्दन् शब्द. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, “रेझ्ड न्हवं गं. रिझन. हॅज रिझन शार्पली.” आणि तोंड फिरवून खिडकीकडं गेले. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

आज मी पूर नियंत्रण कक्षात काम करते. पावसाळ्यात गावोगावचे फोन घेते. “लय पानी आलंय ताई” असं कुणी म्हटलं की घाई न करता विचारते, “किती? कशावरून? कधीपासून?”

सर, तुम्हाला स्वतःबद्दल बोललेलं आवडत नाही, म्हणून मी थांबते. फक्त एक विनंती सभागृहाला करते. त्या दिवशी माडीवर जे होते आणि मळ्यातल्या पत्र्यावर जे होते, त्यांनी कृपा करून जागेवर उभं राहावं.

चंद्राबाई आजी, तुम्ही बसल्या जागी हात वर केला तरी चालेल. बरं, राहा उभ्या. सूनबाई, आधार द्या त्यांना.

सर, मान वर करा. बघा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचे आणि मॅडमचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही कमीजास्त बोलले असेन, तर घरची लेक समजून सांभाळून घ्या. नमस्कार.