गोळी लागू, तक्रार नाही

नाही नाही, तो कागद आधी बाजूला ठेव, पोरी. कॉफी निवते आहे. तुझे प्रश्न मला पाठ आहेत — गोळी वेळेवर घेता का, गुण येतो का, काही त्रास? — हेच ना? मागच्या वर्षी तुमच्याच औषधालयाचा तो दाढीवाला आला होता की, ऑर्हुसचा. इथेच बसला, बूट दारात काढून नुसत्या मोज्यांवर, मोजाही फाटका. माझ्या नवऱ्याला विचारायला आलेला, इव्हाल्डला. बीपीची गोळी दुप्पट केल्याला तेव्हा दोन महिने झाले होते. कसं वाटतंय, म्हणाला. इव्हाल्ड म्हणाला, "चाललंय की." झालं! केली पठ्ठ्याने कागदावर खूण. गोळी लागू, तक्रार नाही. अगं, चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस तो — बोटीवर दोन बोटं तुटली तेव्हाही घरी येऊन "चाललंय"च म्हणाला होता! या किनाऱ्यावर परक्यापुढे कुणी रडगाणं गातं का? पाद्र्यालाही सांगत नाहीत. आणि तुम्ही शहरातले शहाणे ते खरं धरून चालता. पाच-पाच वर्षं शिकवतात तरी काय तुम्हाला?

चक्कर? यायची ना. खुर्चीतून उठला की भिंत धरायचा. सकाळी तर पलंगाच्या कडेवर नुसता बसून राहायचा. शेडमध्ये दोनदा पडला — एकदा मीच उचलला, अंगात बळ कुठून आलं कोण जाणे. दाढीवाल्याला कसं दिसणार? तो यायच्या आधी तासभर इव्हाल्ड पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसलेला, मांडीवर मांजर. पाहुणा आला तरी उठला नाही, गेला तरी नाही. "मांजर झोपलंय हो," म्हणाला, दोघंही हसले. मांजर कुणी ठेवलं म्हणजे? मी ठेवलं. अशी बघू नकोस माझ्याकडे.

हो, घरातच होते मी. केक कापत होते. मला कुणी काही विचारलंच नाही — म्हणजे, विचारलं. दारात बूट घालताना विचारलं त्याने, "तुम्हाला काय वाटतं, बाई?" मी म्हटलं, "छान मानवलंय त्यांना." अगदी असंच म्हटलं. हसून म्हटलं. त्यानंतर नवव्या दिवशी इव्हाल्ड तळघराच्या जिन्यावरून पडला. बटाटे आणायला गेला होता. चार दिवस इस्पितळात होता, डोळे उघडले नाहीत ते नाहीतच.

गप्प! "तुमची चूक नाही" म्हणू नकोस मला. चक्कर येते असं सांगितलं असतं, तर त्याचं गाडीचं लायसन्स गेलं असतं — आणि मला गाडी येत नाही. शिकलेच नाही कधी, त्याने नको म्हटलं, मीही म्हटलं नको तर नको. बस दिवसातून दोनदा, रविवारी तीही नाही. मुलगी होल्स्टेब्रोला, नातवंडं तिकडे, दर रविवारी जायचो आम्ही. एकदा वळणावर गाडी चरात जाता जाता वाचली — मुलीला मीच सांगितलं, हरीण आडवं आलं. कसलं हरीण! त्या रविवारांसाठी तोंड शिवून बसले मी. आता मुलगी महिन्यातून एकदा येते, कोट न काढता बसते.

माझी गोळी? माझं मरू दे. ते समोरचं निळं दार बघ — थॉर्किल. त्यालाही तीच लावलीय, डोस वाढवलाय. चर्चमध्ये सगळे उभे राहिले, हा आपला बाकावर बसलेला, आणि बायको त्याच्या बाहीला धरून. कळतं मला. तुझ्या यादीत उद्या आहे? उद्या कशाला? आत्ता जा. त्याला काही विचारू नकोस. गुद्रुनला, बायकोला, स्वयंपाकघरात गाठ. ती म्हणेल उत्तम आहे सगळं. तिला विचार, तुम्हाला गाडी येते का? केक राहू दे गं, ऊठ! साडेतीन वाजले. चारला ते दोघं नातवाला आणायला निघतात, आणि गाडी तोच चालवतो.