आपल्याच जाळ्यातला गोल

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या प्रमिलाबाईंच्या कानावर शेजारच्या बाप-लेकाचं बोलणं पडत होतं. लेकाच्या गुडघ्याला प्लास्टर होतं.

“कोन हाय हा मोबाइलमंधी?”

“स्लोवाकियाचा डिफेंडर, बाबा. दुसऱ्यांचे गोल अडवते. अठरा वर्षं खेळून आज रिटायर होऊन राहिला.”

“त्यानं सोता किती गोल केले?”

“एकच. तोही चुकून आपल्याच जाळ्यात.”

“मंग हाकललं असन त्याले.”

“नाही. त्याच्याच गोलकीपरनं हात देऊन उठवलं. त्याच्यानंतर अकरा वर्षं खेळला तो.”

बापानं लेकाच्या प्लास्टरवर हात ठेवला.

“गोटमारीच्या जत्रेत मी नदीपल्याडच्या गाववाल्यायवर गोटा भिरकावला, अन् तू पुढं होता, तुह्याच गुडघ्याले...”

“माहीत हाय, बाबा. आपला नंबर आला. हात द्या.”