गंगी नाही म्हणाली

नाही जमादार साहेब, गंगीचं नाव नका लिहू त्याच्यात — रेंग्या दवाखान्यात पडून काही का सांगेना, त्याच्या हातावर घाव घातला तो मी. मी धनीबाई, त्याची आई. सून घरात नाही, पोर पाठीशी बांधून गेली, कुठं ते मला ठाऊक नाही. आणि बसा जरा, उभ्या माणसाशी मला बोलता येत नाही.

तीन बाळंतपणं झाली तिची. दोन पोरं मातीत गेली, ही तिसरी जगली — पण हिच्या वेळी रक्त थांबेना. बैलगाडीत घालून नवापूरला नेली, तर फळ्यांच्या फटीतून रस्त्यावर थेंब गळत होते. दवाखान्यातल्या सरलाबाईंनी वाचवली. मग नवरा-बायकोला समोर बसवलं, म्हणाल्या, पुन्हा दिवस गेले तर ही जगायची नाही. रेंग्याला म्हणाल्या, हे सांभाळणं तिच्या एकटीचं काम नाही, तुझंही आहे — लांब राहा, नाहीतर पुरुषानं वापरायचे उपाय असतात, मी समजावते. तर हा उठून बाहेर! बाईच्या पोटाचं बाईनं बघावं म्हणे. मी विचारलं, पोट काय तिनं एकटीनं वाढवलं? त्यानं मला गाडीच्या चाकावर ढकललं. हा खांदा अजून वर जात नाही, बघा.

तेव्हापासून गंगी माझ्या अंगाला लागून निजायची. काल दुपारी मी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होते, तर हा पिऊन आला आणि तिला केसांनी धरून आत ओढली. ओरडली नाही हो ती, नीट सांगितलं — "मन्हा आंगले हात लावू नको." पुन्हा तेच सांगितलं. हा म्हणतो, "तू मन्ही बायको शे." मग चापटा, मग तिचं डोकं खांबावर आपटल्याचा आवाज. लोक म्हणतात नवरा-बायकोतलं आहे, मध्ये पडू नये. तुम्हीही तेच म्हणाल — म्हणा. पण तो आवाज ऐकून तुम्ही फुलं पसरत बसला असता का?

मी आत गेले. ह्याचा गुडघा तिच्या पोटावर, लुगडं फाटलेलं, तिच्या तोंडात रक्त. मी मुसळ हाणलं त्याच्या पाठीत. तो वळला आणि माझा गळा धरला — आईचा गळा, साहेब — दाबत होता, मला दिसेनासं झालं. खाली पडले, पण त्याचे पाय सोडले नाहीत, दोन्ही हातांनी कवळ घालून धरले, तो लाथा झाडतोय, माझा दात पडला तरी सोडले नाहीत — आणि मग विळा आला, मनगटावर, हाड वाजलं, पुन्हा आला —

काय?

हो, दोन्ही हातांनी धरले होते.

विळा... विळा माझ्याच हातात होता. तसंच लिहा, अंगठा देते मी. असं काय बघता? नाही लिहायचं तर उठा तुम्ही. मला घर सारवायचंय, त्याचं रक्त अजून जमिनीवर आहे.