शेगडीच्या आडोशाचा पत्रा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी हे ऐका. टेकडीवर चहा करायचा, तर गॅसच्या छोट्या शेगडीला वाऱ्याचा आडोसा हवा. लोखंड जड होतं आणि जस्ताचा पत्रा तापला की विषारी धूर सोडतो. म्हणून मी इतवारीच्या भंगारबाजारातून वर्तमानपत्र छापायची जुनी, हलकी ॲल्युमिनियमची प्लेट आणली आणि घासून कोरी केली.

टेकडीवर प्लेट तापली, तसा तिच्यावर एक चेहरा उमटू लागला. खाली अक्षरं आली, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

माझा मित्र शंकर पुढे सरकला. “हा त माहा भाऊ होय गा! शेवटचं तोंडबी पाहाले भेटलं नाही मले.”

मी शेगडी बंद करायला हात नेला. त्यानं माझं मनगट धरलं.

“राहू दे गा. थंडा झाला का जाईन तो.”