पेटीसाठी सरकलेला सूर

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या — शेजारच्याला ऐकू गेलं तर पंचाईत व्हायची! जगानं तुम्हाला डोक्यावर घेतलं. हार घातले, पेपरात फोटो छापला. आणि मग एके दिवशी तुम्हाला, फक्त तुम्हालाच, कळलं की ज्या कामासाठी हे सगळं चाललंय, त्यात चूक आहे. बोलाल? की हार घालून घ्याल?

ऐका! पुराणातली गोष्ट नाही, अलीकडची आहे. साताऱ्याकडच्या कालिंदीताई बर्गे, कॉलेजात संगीताच्या प्राध्यापिका. लग्नाआधी उखळाभोवती जमून, मुसळाला आंब्याची पानं बांधून बायका हळद कुटतात ना — घाणा म्हणतात त्याला — त्या वेळची गाणी बाईंनी गोळा केली. नऊ वर्षं! बत्तीस गावं! एकेका गाण्याची स्वरलिपी लिहिली. एवढा जाड ग्रंथ झाला, की उशाला घेतला तर मान आखडेल! त्यावर परदेशात निबंध वाचला. त्याच चालींवर चाळीस मुलींचं समूहगान बसवलं. मोठा पुरस्कार जाहीर झाला. रविवारी सत्कार!

ग्रंथातली निम्मी गाणी एका म्हातारीची. गजराबाई ढाणे, वय ऐंशीच्या पुढं. तिला आमंत्रण द्यायला ताई गुरुवारी लुगडं आणि ग्रंथ घेऊन गेल्या. दारात पोहोचल्या, तर आत म्हातारी तांदूळ निवडत एकटीच घाण्याचं गाणं म्हणत होती. ताई उंबऱ्यावरच थबकल्या. का? गाणं तेच — पण गंधार, सारेगमतला ग, वेगळा! पेटीच्या काळ्या पट्टीत नाही, पांढऱ्या पट्टीत नाही, मधेच कुठंतरी. आणि असा गोड, की अंगावर काटा यावा!

"गजराबाई, तेव्हा असं नव्हतं म्हटलंत!"

"तवा तुमची पेटी हुती न्हवं! तिला माजा सूर घावंना. मंग मीच वाईच सरकले. लांबनं आल्याली पावनी, तिचा हिरमोड कशाला करायचा?"

हाय रे देवा! मंडळी, म्हातारीनं पाहुणचार केला! चहा दिला, पोहे दिले, आणि सूरही पाहुणीच्या सोयीनं दिला! आणि आमच्या ताई? त्यांनी पेटीचाच सूर लिहून नेला, आणि वर लिहिलं — गजराबाईंची चाल!

परतीच्या एसटीत ताई बोटांवर गावं मोजू लागल्या. एक गाणं चुकलं असतं तर दुरुस्त केलं असतं. पण पेटी तर बत्तीसही गावांत नेली होती! कोण कोण सरकलं असेल? कसं कळणार?

प्रकाशकाला फोन लावला. तो माणूस वाईट नव्हता बरं का — व्यवहारी होता. म्हणाला, "ताई, सुताएवढा फरक! कुणाच्या कानाला कळणार? रविवार होऊ द्या, मग बघू."

"माझ्या कानाला कळलाय," ताई म्हणाल्या.

म्हणाल्या खऱ्या! पण रविवारी नवं पातळ नेसून व्यासपीठावर बसल्याच की. माणूसच ना ती! नऊ वर्षांची मेहनत, समोर भरलेलं सभागृह, पहिल्या रांगेत गजराबाई. मुली उभ्या राहिल्या. पेटीवर सूर धरला गेला. आणि ताई ताडकन उठल्या — "पेटी थांबवा!"

अध्यक्ष चष्मा पुसू लागले.

"ग्रंथ माझा आहे, पण यातला सूर गजराबाईंचा नाही. मी ऐकायला जाताना पेटी घेऊन गेले. त्या माझ्यासाठी सरकल्या, आणि मला वाटलं, सूर जुळला! हा पुरस्कार मला घेता येणार नाही. मी पुन्हा बत्तीस गावं फिरेन. रिकाम्या हातानं."

गजराबाई कावरीबावरी झाली. "आवं, माज्यामुळं बाईचं बक्षीस गेलं का वं?"

ताई खाली उतरल्या, तिच्या पायाशी जमिनीवर बसल्या. "नाही हो. तुम्ही म्हणा. तुमच्या घरात म्हणता तसं."

म्हातारीनं म्हटलं! चाळीस मुली तो गंधार धरायला गेल्या — सापडेना. हसल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला एकीला सापडला, तेव्हा गजराबाईनं गुडघ्यावर थाप मारली!

आता तुम्हाला वाटेल, झालं गोड. नाही मंडळी. दोन वर्षं झाली, नवा ग्रंथ अजून आलेला नाही. सोळा गावं झाली, सोळा राहिलीत. आणि दरम्यान नऊ म्हाताऱ्या गेल्या. त्यांचा खरा सूर कुणालाच माहीत नाही. हे सांगताना मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्याकडं वळू? नवी सून सगळ्याला 'हो' म्हणते — तुम्ही शेजारी सांगता, आमचं छान जमतं! जमतं, की ती सरकते? म्हातारे वडील म्हणतात, "तुला सोयीचं असेल तेव्हा ये" — विचारलंत कधी, त्यांच्या मनात कधी यावं असं आहे?

आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? पंचवीस वर्षं इथं उभा राहून बोलतो, तुम्ही माना डोलावता. पटतं म्हणून डोलावता, की बुवांचं मन मोडू नये म्हणून? मी कधी विचारलं नाही. भीती वाटली, दुसरं काय!

आज विचारतो. टाळ खाली ठेवा. पेटी मिटा. रोज मी आधी देवाचं नाव उचलतो आणि तुम्ही मागून येता. आज मी गप्प बसतो. तुम्ही ज्याच्या-त्याच्या सुरात विठ्ठल म्हणा. मी ऐकतो, आणि मागून येतो.